मुदतीआधी सोडलेला करार: पुण्यातल्या एका व्हिडिओ एडिटरचं प्रकरण

फ्रीलान्स काम अर्धवट टाकून चांगल्या ऑफरच्या मागे जावं का, असं विचारलं की लोक दोन ठरलेली उत्तरं देतात. एक म्हणतात, शब्द दिला म्हणजे दिला. दुसरे म्हणतात, तुला काढायची वेळ आली तर ते एक दिवस थांबतील का? दोन्ही उत्तरं देताना कोणी करार उघडून बघितलेला नसतो. मी पुण्यात वकिली करते आणि माझ्याकडे येणारं बरंचसं काम एडिटर, डिझायनर, लेखक अशा स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांच्या करारांचं असतं. त्यांतलं एक प्रकरण इथे सविस्तर मांडते आहे. दोन्ही बाजूंची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. आकडे मात्र ठेवले आहेत, कारण या प्रकरणात निर्णय आकड्यांनीच झाला.

मुलगी मूळची सांगलीकडची, राहायला कर्वेनगरात, वय सत्तावीस. व्हिडिओ एडिटिंग करते. पुण्यातल्या एका छोट्या एजन्सीबरोबर तिचा १ जुलै ते ३१ डिसेंबर असा सहा महिन्यांचा करार होता. महिन्याला आठ व्हिडिओ, महिन्याची फी ६०,००० रुपये. एजन्सीचा मोठा ग्राहक शेतीची अवजारं बनवणारी कंपनी. रोटाव्हेटर कसा जोडायचा, पेरणी यंत्रात बियाण्याचं प्रमाण कसं बसवायचं, फवारणी पंपाचं नोझल कधी बदलायचं, असे पाच-सात मिनिटांचे मराठी व्हिडिओ. काम चोख होतं, पैसे बिल दिल्यापासून आठ-दहा दिवसांत यायचे. एजन्सीच्या मालकांना सगळे दादा म्हणतात, तीही म्हणायची.

२२ सप्टेंबरला तिला मुंबईहून फोन आला. एका ओटीटी मालिकेच्या एडिटिंग टीममध्ये सहयोगी संकलक म्हणून जागा होती. चार महिने काम, महिन्याला १,१०,००० रुपये, गोरेगावला राहून, आणि सुरुवात ३ ऑक्टोबरला. म्हणजे हातात जेमतेम दहा-अकरा दिवस. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा मनातून होकार देऊन बसली होती. प्रश्न तिने एवढाच विचारला, "ताई, दादांना सांगितलं नाही आणि नुसतं जाणं बंद केलं, तर ते काय करू शकतात?"

पैशाचा खरा फरक

कायद्याकडे वळण्याआधी मी तिला हिशेब मांडायला लावला. साठ हजार विरुद्ध एक लाख दहा हजार, म्हणजे महिन्याला पन्नास हजार जास्त, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

गोरेगावला पीजीचे १८,००० आणि जेवण-प्रवासाचे साधारण १०,०००. कर्वेनगरची खोली ती सोडणार नव्हती, चार महिन्यांनी परत यायचंच होतं, म्हणून ते भाडं दोन्हीकडे सारखंच धरलं. एक लाख दहामधून अठ्ठावीस गेले की उरले ८२,०००. फरक पन्नासवरून बावीसवर आला. आता दुसरी गोष्ट. एजन्सीचं काम दिवसाला सहा तासांत आटपायचं आणि उरलेल्या वेळात ती लग्नाच्या फिल्म आणि छोट्या जाहिराती करायची. त्यांतून सरासरी पंधरा हजार सुटायचे. मुंबईचं काम आठवड्याचे सहा दिवस, रोज दहा ते बारा तास. बाहेरचं काम बंद. म्हणजे फरक उरला महिन्याला सात हजारांचा.

शिवाय मुंबईचे पैसे बिलानंतर साठ दिवसांनी मिळणार होते. ऑक्टोबरचं बिल नोव्हेंबरच्या सुरुवातीला द्यायचं आणि पैसे जानेवारीत बघायचे. तोवर पीजीचं भाडं, जेवण, घरी पाठवायचे पैसे, सगळं बचतीतून. तिच्याकडे एक लाख चाळीस हजार शिल्लक होती. तेवढ्यात भागणार होतं, पण काठावर.

हा हिशेब बघून ती ऑफर नाकारेल असं मला वाटलं नव्हतं, आणि नाकारावी असंही वाटत नव्हतं. ती पैशासाठी जात नव्हती, हे मात्र आता कागदावर आलं. तिला कथेचं संकलन करायचं होतं. पेरणी यंत्राचे व्हिडिओ कितीही सफाईदार कापले तरी त्या जोरावर मालिकेचं काम मिळत नाही, आणि एका मालिकेत नाव लागलं की पुढच्यासाठी दार उघडतं. ही इच्छा पूर्णपणे रास्त आहे. मग ऑफरमधली सगळ्यांत मोलाची गोष्ट कोणती? श्रेयनामावलीतलं नाव. आणि फोनवर झालेल्या बोलण्यात श्रेयाबद्दल एक शब्द नव्हता.

म्हणून पहिलं काम ठरलं ते मुंबईचं. त्यांच्याकडून रीतसर ईमेल मागवायचा: फी, मुदत, सुरुवातीची तारीख, पैसे कधी देणार आणि श्रेय कोणत्या शब्दांत देणार. तो हातात येईपर्यंत दादांशी या विषयावर बोलायचं नाही. फोनवरच्या होकारावर विसंबून चालू काम सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. तिकडचं काम बारगळतं, इकडचं गेलेलं असतं.

ईमेल २५ तारखेला आला. श्रेय "सहयोगी संकलक, सर्व भाग" असं लिहून मिळालं. सुरुवात मात्र आठवड्याने पुढे ढकलून १० ऑक्टोबरच्या पलीकडे जाईना.

करारातली तीन कलमं

आता इकडचा करार. चार पानांचा, कुठल्या तरी जुन्या मसुद्यावरून उतरवलेला. कामाची तीन कलमं.

नववं कलम: दोघांपैकी कोणीही तीस दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. दहावं: फ्रीलान्सर नोटीस न देता काम सोडून गेला तर दोन महिन्यांची फी, म्हणजे १,२०,००० रुपये दंड. बारावं: करार चालू असताना आणि संपल्यावर एक वर्ष कोणत्याही स्पर्धकासाठी तत्सम काम करायचं नाही.

ती दहाव्या कलमाला घाबरली होती. बाराव्यालाही. नवव्याकडे तिचं लक्षच नव्हतं, आणि सगळं प्रकरण त्या नवव्या कलमावर उभं होतं.

नोटिशीचं कलम नसतं तर काय झालं असतं, हे सांगण्यासाठी मी तिला कल्याणचा एक जुना खटला समजावून सांगितला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो पाठ असतो, पण ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत सहसा पोचत नाही. निरंजन शंकर गोलीकरी मार्च १९६३मध्ये सेंच्युरी कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागले. करार पाच वर्षांचा. टायरसाठी लागणारा धागा बनवण्याचं तंत्र कंपनीने हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतल्या कंपन्यांकडून पैसे मोजून घेतलं होतं, आणि ते गुप्त ठेवण्याची हमी दिली होती. गोलीकरींना त्याचं प्रशिक्षण मिळालं. ऑक्टोबर १९६४मध्ये त्यांनी राजीनामा पाठवला आणि कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये ५६० रुपये महिना अशा जास्त पगारावर रुजू झाले. तिथेही तोच धागा बनत होता. कंपनी कोर्टात गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी १९६७मध्ये निकाल लागला. गोलीकरी हरले. मूळ पाच वर्षं पुरी होईपर्यंत, म्हणजे १५ मार्च १९६८पर्यंत, त्यांना टायरच्या धाग्याचं तसलं काम दुसरीकडे करायला मनाई झाली.

या निकालाचा गाभा असा. कराराची मुदत चालू असताना दुसरीकडे तेच काम करणार नाही, अशी अट घातली असेल आणि ती अवाजवी जाचक नसेल, तर ती व्यवसायावरची बेकायदा बंदी ठरत नाही. तुम्ही मध्येच उठून गेलात म्हणून मुदत संपली, असंही होत नाही. कोर्ट तुम्हाला जुन्या मालकाकडे राबायला लावणार नाही. ज्या कामात व्यक्तीचं वैयक्तिक कौशल्य हाच गाभा आहे, ते काम सक्तीने करून घेता येत नाही, हे १९६३च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातही (करार प्रत्यक्ष पाळायला लावण्याबद्दलचा कायदा) आहे. पण नव्या ठिकाणी ते काम करण्यापासून कोर्ट थांबवू शकतं.

मुदत संपल्यानंतरची गोष्ट वेगळी. तिथे दाखला आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा. त्याच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या परसेप्ट डी'मार्क कंपनीबरोबर त्याचा २०००पासून तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्याची ऑफर स्वीकारण्याआधी परसेप्टला ती बरोबरीने देऊ करण्याची संधी द्यायची, अशी त्यात अट होती. झहीरने नूतनीकरण केलं नाही आणि दुसऱ्या एजन्सीबरोबर करार केला. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परसेप्टचं म्हणणं फेटाळलं. करार कायदा १८७२चं कलम २७ व्यवसायाला आडकाठी करणारे करार निरर्थक ठरवतं, आणि मुदतीनंतर लागू होणारी अट त्या कलमात अडकते. म्हणून तिच्या बाराव्या कलमातलं "संपल्यावर एक वर्ष" हे शब्द पोकळ होते. त्याच कलमातलं "करार चालू असताना" मात्र पोकळ नव्हतं. पुण्यातली जाहिरात-व्हिडिओ करणारी एजन्सी आणि मुंबईची मालिका बनवणारी संस्था एकमेकांच्या स्पर्धक आहेत असं कोर्टाला पटवणं जड गेलं असतं. तरी नोटीस न देता निघून गेली असती, तर तिचा करार ३१ डिसेंबरपर्यंत जिवंत आहे, असं म्हणायला दादांना जागा राहिली असती. नुसती कोर्टाची नोटीस गोरेगावला पोचली, तरी नवी माणसं बिचकतात.

लेखी नोटीस दिली की ही जागा बंद होते. तीस दिवसांनी करार संपतो, आणि संपल्यावर अट लागू होत नाही.

उरला एक लाख वीस हजारांचा दंड. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५च्या कैलाश नाथ प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं. मग तिच्या जाण्याने दादांचं नुकसान किती? बदली एडिटर महिना ८५,००० मागत होता. म्हणजे २५,००० जादा. तीन महिने उरले होते म्हणून पंचाहत्तर हजार, असा हिशेब दादांच्या बाजूने कोणीही मांडेल.

तो चुकीचा आहे. ती तीस दिवसांच्या नोटिशीवर कधीही जाऊ शकत होती, हे दादांनी सहीनिशी मान्य केलं होतं. तीस दिवसांपलीकडे ती राहीलच, यावर त्यांचा हक्कच नव्हता. १९९०च्या अमृतसर गॅस सर्व्हिस प्रकरणात इंडियन ऑइलने गॅसची एजन्सी काढून घेतली होती. ती काढणं चूक ठरूनही, करार तीस दिवसांच्या नोटिशीवर संपणारा असल्यामुळे भरपाई फक्त त्या तीस दिवसांच्या कमाईची मिळाली. तेच माप इथे उलट्या बाजूने लावायचं. २६ सप्टेंबरला नोटीस दिली तर मुदत २६ ऑक्टोबरला पुरी होते. ती १० ऑक्टोबरला जाणार. तूट सोळा दिवसांची. पंचवीस हजार भागिले तीस गुणिले सोळा, म्हणजे तेरा हजार तीनशे आणि काही रुपये.

एक लाख वीस हजारांच्या भीतीने ती दादांचे फोन उचलणं बंद करायला निघाली होती, आणि तिचं खरं देणं साडेतेरा हजारांच्या आसपास होतं.

पैसे अडकण्याची बाजू

पंचाहत्तर हजारांसाठी दिवाणी दावा सहसा कोणी लावत नाही. खरं हत्यार असतं ते थकलेलं बिल. सप्टेंबरची फी अजून यायची होती: ६०,००० वजा दहा टक्के टीडीएस, म्हणजे हातात ५४,०००. चिडलेला माणूस पहिल्यांदा तेच रोखतो.

तिने दोन वर्षांपूर्वी उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंदणी, करून ठेवली होती. ती मोफत आणि ऑनलाइन होते, आणि एकट्याने सेवा देणाऱ्यालाही करता येते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करारात काहीही लिहिलेलं असो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढीने व्याज. २००६च्या एमएसएमई कायद्यात हे आहे, आणि तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. नोंदणी मात्र काम देण्याआधीची असलेली बरी. भांडण झाल्यावर केलेल्या नोंदणीचा जुन्या बिलाला उपयोग होईलच याची खात्री नाही. जे लोक हे वाचताहेत आणि अजून नोंदणी केलेली नाही, त्यांनी ती आजच करावी, असं मी मनापासून सांगते. मुंबईची साठ दिवसांची अटसुद्धा या कायद्यात बसत नव्हती. तिने ती तशीच राहू दिली. पहिल्याच कामात तिथे वाद नको, हा तिचा निर्णय मला समजतो.

दादांशी बोलणं

२६ तारखेला ती एरंडवण्यातल्या ऑफिसात गेली. नोटीस लेखी होती, तीन ओळींची. पण ती टेबलावर ठेवण्याआधी तोंडी सांगायचं, असं ठरलं होतं. व्हॉट्सॲपवर तर नाहीच.

दादा चिडले. तिने नंतर सांगितलं त्याप्रमाणे त्यांचं पहिलं वाक्य होतं, "कागद राहू दे बाजूला. रब्बीचे पाच व्हिडिओ कोण करणार, ते सांग." आणि इथे मी दादांच्या बाजूने बोलणार आहे. ऑक्टोबरच्या आठ व्हिडिओंपैकी पाच पेरणीचे होते: पेरणी यंत्राची जोडणी, हरभऱ्यासाठी ओळींतलं अंतर, खताचा डबा, असे. हरभरा-गव्हाची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. शेतकरी यंत्र पेरणीच्या आधी घेतो, डीलर त्याला व्हिडिओ आधी दाखवतो. तो व्हिडिओ नोव्हेंबरच्या मध्याला आला तर त्याचा कोणाला उपयोग नाही. ग्राहक कंपनीपुढे दादांची पत या पाच व्हिडिओंवर होती. तिला हे जुलैपासून माहीत होतं, वेळापत्रक तिनेच बनवलं होतं. कायद्याने तिचं देणं साडेतेरा हजार असेल, पण दादांची अडचण पैशांत मोजण्याजोगी नव्हती. ती तारखेची होती.

म्हणून तिने नेलेला प्रस्तावही तारखेचा होता. पाचही व्हिडिओ ९ ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंत पूर्ण, ग्राहकाच्या दुरुस्त्यांसकट. उरलेले तीन, फवारणी पंपाचे, बदली एडिटर करेल. तो तिने सुचवलेला कोल्हापूरचा मुलगा. तीन दिवस त्याच्याबरोबर बसून ती काम समजावून देईल, त्याचे पैसे घेणार नाही.

दादांनी ऑक्टोबरचे पैसे दिवसांवर द्यायचं म्हटलं, नऊ दिवसांचे अठरा हजार. ती म्हणाली, महिन्याचे आठ व्हिडिओ ठरलेत, त्यांतले पाच मी देते आहे, तेव्हा साडेसात हजाराने ३७,५००. त्यातून सोळा दिवसांची तूट म्हणून तिने आपणहून १३,५०० वजा करायची तयारी दाखवली. राहिले २४,०००. ही रक्कम कुठून आली ते तिने कागदावर उलगडून दाखवलं, आणि त्यानंतर दादांचा आवाज उतरला. माझ्या मते ते आकड्यामुळे झालं नाही. समोरची मुलगी आपलं नुकसान मोजून आली आहे, हे त्यांना दिसलं.

दोन दिवसांनी दोघांनी एक पानाच्या समझोत्यावर सह्या केल्या. करार ९ ऑक्टोबरला परस्परसंमतीने संपतो. सप्टेंबरची फी ५ ऑक्टोबरपर्यंत. २४,००० रुपये, टीडीएस जाऊन २१,६००, पाचवा व्हिडिओ मंजूर झाल्यावर सात दिवसांत. त्यानंतर दोघांचं एकमेकांकडे काही येणं-देणं नाही, आणि दहाव्या-बाराव्या कलमाखाली कोणीही काही मागणार नाही. मला विचाराल तर या पानाचं मोल मूळ चार पानांपेक्षा जास्त आहे.

हस्तांतर

यावर कोणी फारसं बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर. एडिटर निघून जातो तेव्हा फक्त तयार व्हिडिओ मागे राहून चालत नाही. तिच्याकडे चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क होत्या, एक एजन्सीची, एक स्वतःची. मूळ फुटेज, प्रॉक्सी (एडिटिंगसाठी केलेल्या त्याच्या हलक्या प्रती), प्रोजेक्ट फाइल, व्हॉइस-ओव्हरचे वेगवेगळे टेक, सबटायटलच्या फाइल. फोल्डरांची नावं तिलाच कळतील अशी. "हरभरा_फायनल", "हरभरा_फायनल_नवीन", "हरभरा_दादा_ओके". तिने प्रत्येक व्हिडिओचं एकच मंजूर रूप ठेवून बाकीची "जुनं" या फोल्डरात टाकली, आणि एका शीटमध्ये कोणत्या व्हिडिओची कोणती दुरुस्ती बाकी आहे ते लिहिलं. डिस्क देताना दादांच्या ऑफिसातून पोच घेतली, आणि स्वतःच्या डिस्कवरचं ग्राहकाचं फुटेज पुसल्याचं ईमेलने कळवलं.

मालकी कोणाची, हाही प्रश्न आला. लेखक किंवा डिझायनर फ्रीलान्स काम करतो तेव्हा लेखी हस्तांतर नसेल तर कॉपीराइट साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. व्हिडिओचं तसं नाही. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्रफीत बनवली तर, उलट करार नसेल तर, पहिला मालक तो सांगणारा असतो. तेव्हा व्हिडिओ आपल्याकडे ओलीस ठेवायचे हा मार्ग तिच्यासमोर नव्हताच, आणि तिने तो विचारही केला नाही. तिच्या स्वतःच्या होत्या त्या रंगांच्या प्रीसेट आणि शीर्षकांचे टेम्प्लेट. ते तिने ठेवले. पार्श्वसंगीताचं सदस्यत्व तिच्या नावावर होतं, म्हणून पुढच्या व्हिडिओंसाठी एजन्सीने स्वतःचं घ्यावं, असं तिने शीटच्या शेवटच्या ओळीत लिहून दिलं. बदली एडिटर पहिल्याच आठवड्यात तिथे अडला असता.

पुढे काय झालं

पाचही व्हिडिओ वेळेवर गेले. शेवटचा ९ तारखेला रात्री पावणेबाराला. सप्टेंबरचे ५४,००० ठरल्या तारखेला आले.

१० तारखेला ती सामान घेऊन गोरेगावला पोचली, आणि तिकडून निरोप आला की परतीच्या पावसाने शेवटच्या टप्प्याचं चित्रीकरण लांबलंय, एडिट २७ ऑक्टोबरला सुरू होईल. म्हणजे तिने इथे २६ तारखेपर्यंत पूर्ण नोटीस भरली असती, तरी तिथे एक दिवसही उशीर झाला नसता. साडेतेरा हजार वाचले असते, पीजीचं अर्ध्या महिन्याचं भाडं वाचलं असतं. मुंबईच्या २५ सप्टेंबरच्या ईमेलमध्ये सुरुवातीची तारीख होती. ती पुढे गेली तर त्या दिवसांचे पैसे कोणी द्यायचे, हे त्यात नव्हतं. आम्ही तशी मागणी केली होती. त्यांनी नकार दिला, आणि तिने तो पत्करला. मी तिच्या जागी असते तर तिथे आणखी ताणून धरलं असतं. मनोरंजन क्षेत्रात तारखा सरकतात हे सगळ्यांना माहीत असतं, आणि सरकण्याचा सगळा भार शेवटी सर्वांत खालच्या माणसावर येतो.

१७ तारखेला दादांचा फोन. कोल्हापूरच्या मुलाचे फवारणी पंपाचे दोन व्हिडिओ ग्राहकाने दोनदा परत पाठवले होते. मुलगा वाईट नव्हता, पण त्या कंपनीच्या इंजिनिअरला काय खटकतं हे त्याला अजून उमगलं नव्हतं. तिला ते पाठ होतं. रिकामीच होती, तिने पीजीत बसून दोन्ही करून दिले, प्रत्येकी ७,५०० रुपये. दादांनी त्याच संध्याकाळी पैसे पाठवले. फोन न उचलता निघून गेली असती, तर हा फोन आलाच नसता.

मालिकेचं काम चाराऐवजी पाच महिने चाललं. पहिले पैसे जानेवारीच्या शेवटी आले, तोवर बचत अकरा हजारांवर उतरली होती. श्रेय ईमेलप्रमाणे मिळालं. काम संपण्याआधी निर्मात्यांच्या बाजूने कोणीतरी ते "साहाय्यक" करून टाकलं होतं. तिने २५ सप्टेंबरचा ईमेल पुढे पाठवला आणि त्याच दिवशी दुरुस्ती झाली.

दरम्यान, जानेवारीत कोल्हापूरचा मुलगा त्याचा करार घेऊन माझ्याकडे आला. त्याच एजन्सीचा, नव्या वर्षाचा. नववं कलम बदललेलं होतं: नोटीस तीस दिवसांची, किंवा हाती घेतलेले आणि तारीख ठरलेले व्हिडिओ पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल ते. दहाव्यातले दोन महिने जाऊन तिथे "उरलेल्या नोटीसकाळातला बदली माणसाचा प्रत्यक्ष जादा खर्च, जास्तीत जास्त अर्ध्या महिन्याची फी" असं आलं होतं. बाराव्या कलमातलं ते "संपल्यावर एक वर्ष" तसंच होतं. त्याचा अर्थ त्याला समजावून सांगितला, आणि उद्यम नोंदणी झाल्यावरच सही कर म्हणाले. चार दिवसांनी त्याने सही केली.